सपाट मुलखातला रस्ता वाकडा का? पूर्णेच्या खोऱ्यातल्या राज्य महामार्गांबद्दल

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर भागातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे: आमच्याकडे ना घाट, ना डोंगर, नजर पोचेल तिथवर वावरंच वावरं. तरी आमचा राज्य महामार्ग दर दोन-चार किलोमीटरला गावाकडे का वळतो? आता रुंदीकरणाची चर्चा आहे. काहींचं म्हणणं, रस्ता सरळ करून टाका. काहींचं म्हणणं, भराव उंच करू नका, आमच्या वावरात पाणी तुंबतं. मग गावाने नेमकं मागावं तरी काय?

सार्वजनिक बांधकामाच्या रस्त्यांवर माझी नोकरी गेली आणि त्यातला मोठा काळ याच काळ्या मातीवर गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असं: डोंगराळ मुलखात रस्त्याची वाट डोंगर ठरवतो, सपाट मुलखात ती पाणी ठरवतं. त्यामुळे सरळ रस्त्याचा आग्रह सोडा. रस्त्याखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्यांची संख्या, त्यांची रुंदी, भरावाची माती आणि मोरीच्या पुढचा चर, या चार गोष्टींवर अडून बसा. हे का म्हणतो ते समजायला आधी आपली जमीन कशी पडली आहे ते बघावं लागेल.

पूर्णा उगम पावते मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, भैंसदेहीकडे. तिथून खाली उतरून ती पश्चिमेला वळते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. तिच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधला सगळा पट्टा नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आहे आणि तो गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. वरून बघताना जमीन सपाट दिसते. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावली की कळतं, ती सातपुड्याकडून पूर्णेकडे सतत उतरत जाते. हा उतार डोळ्याला दिसत नाही, पण पावसाचं पाणी त्याच्याच हुकमात चालतं.

या पट्ट्याचे आडवे तीन भाग पडतात. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी नद्यांनी टाकलेले गोटे, वाळू आणि भरड रेती आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. तिथे पाणी झिरपून जातं आणि जमीन लवकर वाळते. त्याच्या खाली, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, खोल काळी चिकण माती आणि तिच्या पोटात खारं पाणी, म्हणजे आपला खारपाणपट्टा. तो पार करून दक्षिणेला गेलं की माती उथळ होत जाते, मुरूम वर येतो, खडक सापडतो.

आता नकाशा काढा आणि जुने मोठे रस्ते कुठून गेले आहेत ते पाहा. परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट, हिवरखेड ही ओळ सातपुड्याच्या पायथ्याला धरून जाते. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज अडगावच्या लढाईनंतर याच पायथ्याने अचलपूरकडे गेली, तिने गाविलगड घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर सुर्जी-अंजनगावचा तह झाला. तोफांची चाकं ओढणाऱ्या सैन्याला भरड जमीन हवी होती. दुसरी ओळ दक्षिणेची: मलकापूर, नांदुरा, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचलेली रेल्वे याच बाजूने गेली आणि मोठा हमरस्ता तिच्याच आसपास वाढला. दोन्ही ओळींनी मधला खोल काळ्या मातीचा पट्टा टाळला आहे. त्या काळच्या माणसांकडे प्रयोगशाळा नव्हती, पण कुठल्या जमिनीवर चाक रुततं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुमचा रस्ता या दोन ओळींना जोडणारा आहे. मूर्तिजापूर–दर्यापूर–अंजनगाव असो की अकोला–अकोट, या आडव्या जोडरस्त्यांना खारपाणपट्टा मधोमध कापावा लागतो आणि पूर्णाही ओलांडावी लागते. त्यांची गरज कापसाने निर्माण केली. वऱ्हाडातला कापूस जिनिंगपर्यंत आणि तिथून मोठ्या रेल्वेपर्यंत पोचवायचा होता. मूर्तिजापूर ते अचलपूर ही 76 किलोमीटरची नॅरोगेज, आपली शकुंतला, त्याच कामासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली गेली. तिचा मार्ग आणि तुमच्या रस्त्याचा मार्ग एकमेकांपासून फार लांब जात नाहीत, याचं कारण दोघांनीही एकच उंचवटा धरला आहे.

हा उंचवटा म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. सातपुड्यातून शहानूर, चंद्रभागा अशा नद्या खाली येऊन पूर्णेला मिळतात. दोन नद्यांच्या मध्ये एक धार असते. तिच्या एका बाजूचं पाणी एका नदीत जातं, दुसऱ्या बाजूचं दुसरीत. आपल्याकडे ही धार मीटर-दोन मीटरच उंच असेल, पण तिच्यावरून चाललं की नाले कमी आडवे येतात आणि पाऊस उघडला की वाट आधी वाळते. बंडीवाल्यांनी, म्हणजे बैलगाडीवाल्यांनी, पिढ्यानपिढ्या ही धार शोधून काढली होती. उत्तर-दक्षिण जाणारे आपले जुने रस्ते बहुतेक ठिकाणी तिलाच धरून आहेत. ती नागमोडी आहे, म्हणून रस्ता नागमोडी आहे.

गावाकडे वळण्याचं कारणही याच हिशेबातलं. आपली गावं उंच जागी, पांढरीवर म्हणजे वस्तीच्या जागेवर वसलेली आहेत आणि काळी, म्हणजे शेतजमीन, सभोवार पसरलेली आहे. पूर आला तरी पांढरी कोरडी राहते. जुनी वाट एका पांढरीवरून दुसऱ्या पांढरीवर जात होती, कारण पावसाळ्यात पाय टेकायला आणि बैल सोडायला तेवढ्याच जागा होत्या. गावाच्या नकाशावर ही बंडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, पायवाट एकेरी तुटक रेषेने. पुढे सरकारने पक्के रस्ते बांधले तेव्हा याच रेषांवर खडी पडली. जमीन आधीच रस्त्याची होती, कोणाचं वावर घ्यावं लागत नव्हतं. धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे वावरांच्या बांधांवरून, गेलेल्या वाटेला जिथे काटकोन होता, तिथे रस्त्यालाही काटकोन आला.

याला धोरणाचाही आधार मिळाला. 1943 मध्ये देशातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांची पहिली देशव्यापी योजना ठरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथली. चांगल्या शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असा तिचा हेतू होता. म्हणजे राज्य महामार्गाचं काम पहिल्यापासून दुहेरी आहे. त्याने तालुक्याला तालुका जोडायचा आणि वाटेतली गावंही धरायची. समृद्धी महामार्ग कसा सरळ गेला, असं तुमच्यातल्या काहींनी म्हटलं असेल. तो 701 किलोमीटरचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणाऱ्या वाहनांसाठी आहे, त्याची आखणी ताशी 150 किलोमीटर वेगाची आहे आणि त्यावर चढायला ठरावीक जागाच आहेत. तुमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, बंडी, एसटी, शाळेची पोरं आणि बाजाराच्या दिवशी चालत जाणाऱ्या बाया आहेत. प्रत्येक वावरातून त्यावर यायला वाट आहे. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

तरी काही वळणं काढलीच पाहिजेत, हे मान्य. रस्त्याच्या वक्राची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सपाट मुलखातल्या राज्य महामार्गासाठी ताशी 100 किलोमीटर वेग धरला तर त्रिज्या किमान 360 मीटर लागते, 80 धरला तर 230. गावाबाहेरच्या काटकोनात यातलं काहीच बसत नाही. ट्रक तिथे उलटतात, रात्री मोटारसायकली सरळ वावरात जातात. असं एकेक वळण मोकळं करायला दोन-तीन शेतकऱ्यांची थोडी जमीन लागते आणि तेवढ्यासाठी जमीन द्यावी, असं मी नेहमी सांगत आलो. पण सबंध रस्ता पट्टी लावून ओढणं हे वेगळं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शनही असं आहे की 3 किलोमीटरपेक्षा लांब सरळ तुकडे शक्यतो टाळावेत आणि मोठ्या त्रिज्येच्या सौम्य वक्रांनी रस्ता न्यावा. लांबच लांब सरळ रस्त्यावर चालकाला गुंगी येते, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि समोरच्या वाहनाचा वेग कळत नाही.

आता मातीकडे येतो. रस्ता दरवर्षी फुटतो त्याचं मूळ इथे आहे.

आपल्या काळ्या मातीतला चिकणमातीचा कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. एप्रिल-मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते तुम्ही लहानपणापासून बघत आहात. रस्त्याखालची माती तीच आहे. डांबराने झाकलेल्या मधल्या भागात ओल टिकते, कडेच्या साइडपट्टीखाली ती उन्हाने उडून जाते. मधली माती जागेवर राहते, कडेची खाली बसते आणि कडेपासून हात-दीड हातावर रस्त्याच्या लांबीत सरळ रेषेत भेग पडते. ती भेग उन्हाळ्यात पडते. जूनमध्ये तिच्यातून पाणी आत जातं, कडेची माती फुगते, मऊ होते, त्यावरून उसाची किंवा कापसाची भरलेली गाडी गेली की कड तुटते. लोक म्हणतात डांबर हलकं वापरलं. कधी ते खरंही असतं. पण भेग रस्त्याच्या लांबीत असेल आणि कडेला समांतर असेल, तर आधी खालच्या मातीवर संशय घ्या.

या मातीची ताकद मोजायला सीबीआर नावाची चाचणी आहे. चार दिवस पाण्यात भिजवून मोजली तर काळी माती जेमतेम 2 ते 3 टक्के दाखवते. चांगला मुरूम दहाच्या वर सहज जातो. फुगण्याची चाचणी तर कुणालाही समजेल अशी आहे. वाळलेल्या मातीची 10-10 ग्रॅम बारीक पूड काचेच्या दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. 24 तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा किती वर आली ते बघायचं. फरक 50 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती माती भरावाला नापसंत. आपल्याकडे नापसंतच येते. मापातली आली तरी भरावाचा वरचा अर्धा मीटर आणि त्यावरचा अर्धा मीटर सबग्रेड, म्हणजे खडी-डांबराच्या थरांखालचा मातीचा थर, असा मिळून सुमारे मीटरभर थर न फुगणाऱ्या मातीचा असावा लागतो.

हा मुरूम आणायचा कुठून, हीच खारपाणपट्ट्यातल्या रस्त्याची खरी अडचण. गाळाच्या पट्ट्यात खणाल तेवढी मातीच लागते. मुरमाची खाण आणि खडीची खदान दोन्ही एकतर सातपुड्याच्या पायथ्याला नाहीतर दक्षिणेच्या डोंगराकडे. आमच्या भाषेत याला लीड म्हणतात, म्हणजे माल किती लांबून आणायचा ते अंतर. रस्ता पूर्णेच्या जवळ येतो तसतसा लीड वाढतो आणि खर्चही. मग कमी पैशांच्या अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री कशाला लागते? खालच्या थराला. वरचा काळाभोर चकचकीत थर सगळ्यांना दिसतो, खालचा मुरूम कोणालाच दिसत नाही. 2022 च्या जून महिन्यात अमरावती–अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा एका पदराचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. वरचा थर आता किती वेगाने पडतो, याचा हा दाखला. खालच्या मातीला असा वेग चालत नाही. मातीत योग्य तेवढी ओल आणून, थराथराने रोलर फिरवून, प्रत्येक थराची घनता तपासूनच वर जावं लागतं.

मुरूम फार लांब असेल तर काळ्या मातीतच चुना मिसळून तिचं फुगणं कमी करता येतं. वजनाच्या सुमारे 3 टक्के चुना साधारण पुरतो, पण प्रमाण त्या जागेच्या मातीवर चाचणी करूनच ठरवायचं. काम नीट झालं तर उत्तम टिकतं. नीट म्हणजे ढेकळं पूर्ण फोडून, चुना सारखा मिसळून आणि ओल राखून. ढेकूळ राहिलं तर चुना त्याच्या बाहेरच राहतो आणि आतली माती पहिल्यासारखीच फुगते.

खाऱ्या पाण्याबद्दल थोडंसं. तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी मोऱ्यांच्या काँक्रीटला वापरू देऊ नका. सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, असं भारतीय मानकच आहे. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी विहिरी याच्या कितीतरी पुढे असतात. खाऱ्या पाण्याने काँक्रीट पहिली काही वर्षं ठणठणीत दिसतं, मग आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबच्या खालून पोपडे सुटतात. गोड्या पाण्याचा टँकर लांबून आणावा लागतो, तो अंदाजपत्रकात धरला आहे का ते विचारा. शिवाय जिथे मातीत सोडियम जास्त आहे, ज्याला आपण चोपण म्हणतो, तिथे भरावाचा उतार पावसाच्या पाण्यात दुधासारखा विरघळून वाहून जातो. पुलाच्या दोन्ही टोकांना दरवर्षी घळी पडतात त्या यानेच. अशा उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेलं अस्तर, आणि मुरमाचं आवरण लागतं. नुसतं गवत पेरून भागत नाही.

आता तुमच्या सगळ्यात मोठ्या तक्रारीवर, पाणी तुंबण्यावर येतो. इथे मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे.

सपाट जमिनीवर घातलेला भराव हा बांधच असतो. तो किती पाणी अडवतो याचा हिशेब साधा आहे. जमिनीचा उतार हजारात एक असेल आणि रस्त्याने पाणी फक्त अर्धा मीटर अडवलं, तर ते पाणी मागे अर्धा किलोमीटर पसरतं. डोंगराळ भागात हेच अर्धा मीटर पाणी नाल्याच्या पात्रातच राहिलं असतं. म्हणून डोंगरातल्या रस्त्याचे मोऱ्यांचे आडाखे इथे चालत नाहीत. काळी माती पाणी पोटात घ्यायलाही तयार नसते, एकदा भिजली की वरचं पाणी वरच राहतं. चार दिवस पाणी उभं राहिलं की कपाशी पिवळी पडते, तूर जळते.

रस्ता कुठल्या दिशेने जातो यावर बरंच अवलंबून आहे. उताराच्या दिशेने, धारेवरून जाणारा रस्ता फार पाणी अडवत नाही, ते दोन्ही अंगांनी निघून जातं. पण वळणं काढून रस्ता सरळ केला की तो धार सोडतो आणि एखाद्या सखल भागाला आडवा जातो. ज्या सखल भागाला जुन्या वाटेने वळसा घातला होता, त्यातून आता तीन फूट भराव जातो. पाणी तुंबतं ते बहुतेक अशाच नव्या तुकड्यांवर. रस्ता सरळ करा म्हणणारे आणि भराव नको म्हणणारे यांनी एकत्र बसून हे बघायला हवं. दोन्ही मागण्या एकाच ठिकाणी पुऱ्या होत नाहीत. वळण काढायचं तिथे नवी रुंद मोरी घ्यावीच लागेल.

भराव नकोच, ही मागणी मात्र मान्य करू नका. सबग्रेडचा तळ पुराच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा साधारण 0.6 ते 1 मीटर उंच राहिला पाहिजे. नाहीतर खालून ओल चढते आणि वर कितीही डांबर ओता, रस्ता बसतो. रस्ता वावराच्या बरोबरीने ठेवला तर तोच नाला होतो, हे पांदण रस्त्यांवर दर पावसाळ्यात दिसतं. भराव उंच असू द्या, त्याच्या पोटातून पाणी मोकळं जाऊ द्या. नुसत्या पाइपच्या मोऱ्या घालून ही वेळ मारून नेतात. पाइप गाळाने आणि पऱ्हाट्यांनी दोन वर्षांत भरतो. सपाट मुलखात बॉक्स मोरी, रुंद आणि बुटकी, पाणी पसरून येतं तसं पसरूनच जाऊ देणारी, हे बरोबर उत्तर आहे. लांबी 6 मीटरपर्यंत असली तर ती मोरी, 60 मीटरपर्यंत लहान पूल, त्याच्या पुढे मोठा पूल, अशी विभागणी असते. सखल भागात मोरीऐवजी लहान पुलाची मागणी करायला लाजू नका.

जुन्या फरशींबद्दलही हेच. फरशी म्हणजे नाल्याच्या तळालगत घातलेला बुटका मार्ग, पूर आला की पाणी वरून जायचं आणि वाहतूक थांबायची. ग्रामीण मार्गावर ती चालते. राज्य महामार्गावर आता चालणार नाही, कारण दवाखान्याची गाडी थांबून राहू शकत नाही. फरशी काढून पूल उंच केला की त्याच्या दोन्ही बाजूंचे पोचमार्गही उंच होतात आणि पाणी अडवू लागतात. म्हणून पुलाची लांबी नाल्याच्या पात्राएवढी न धरता पुराचं पाणी किती रुंद पसरतं त्यावर धरली पाहिजे.

पूर्णेवरच्या पुलांचं महत्त्व किती, ते अकोला–अकोट रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर 2022 मध्ये गांधीग्रामच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडे दिसले आणि तो वाहतुकीला बंद करावा लागला. एका पुलाने जिल्ह्याचा उत्तर भाग मुख्यालयापासून तोडला. शाळा, दवाखाने, बाजार, सगळ्यांना लांबचा फेरा पडला. सपाट मुलखातल्या रस्त्याला पर्यायी मार्ग भरपूर असतात असं वाटतं, पण मोठ्या नदीवरचे पूल मोजके आणि सगळे रस्ते तिथेच येऊन जुळतात. नदीकाठचा चिखल हे इथलं जुनं दुखणं आहे. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रेकरू चिखलात फसायचे, म्हणून गाडगेबाबांनी तिथे घाट बांधायचं काम हाती घेतलं. अंजनगाव तालुक्यात जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यात आजोळी वाढलेल्या त्या माणसाला या मातीची ओळख कुणी करून द्यायची गरज नव्हती.

आता काय मागायचं. पहिलं, सर्वेक्षण उन्हाळ्यात झालं असेल तर पुराच्या पातळ्या कुठून घेतल्या ते विचारा. गावात मंदिराच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर, जुन्या विहिरीच्या तोंडावर पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. त्या खुणा रंगवून ठेवा, शाखा अभियंत्याला दाखवा आणि पंचनाम्यासारख्या लेखी कागदावर उतरवून द्या. कागदावर आलेली पातळी आराखड्यात धरावी लागते, तोंडी सांगितलेली विसरली जाते.

दुसरं, रस्त्याचा लांबछेद, म्हणजे रस्त्याच्या लांबीत कुठे किती उंची आहे ते दाखवणारा आराखडा, आणि मोऱ्यांची यादी मागा. माहितीच्या अधिकारात मिळते. त्या यादीतल्या प्रत्येक मोरीपाशी उभे राहून एकच प्रश्न विचारा: हिच्यातून निघालेलं पाणी पुढे कुठे जातं? मोरीचं तोंड दुसऱ्याच्या वावरात उघडत असेल तर तो शेतकरी पहिल्याच पावसात ती बुजवणार आणि त्याचं काही चुकत नाही. मोरीपासून नाल्यापर्यंत चर काढायचा तर त्याची जमीन आणि त्याचा खर्च याच अंदाजपत्रकात असला पाहिजे. माझ्या अनुभवात ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि सर्वांत जास्त भांडणंही हिच्यावरून होतात. रस्त्याच्या कडेची गटारंही अशीच. त्यांना शेवट नसेल तर ती नुसती लांबलचक डबकी होतात आणि त्यांचं पाणी भरावाच्या पायात मुरतं.

तिसरं, मातीचे आणि मुरमाचे चाचणी अहवाल. वर सांगितलेली दोन नळ्यांची चाचणी आणि सीबीआर, दोन्ही बघा. भरावाची माती रस्त्याकडेच्या वावरातून खणून घेणार असतील तर स्पष्ट नकार द्या. एकतर ती फुगणारी माती असते आणि वर ते खड्डे पाण्याने भरून रस्त्याच्या पायथ्याशी वर्षभर ओल ठेवतात. माती गावतळ्यातून घेऊ देत असाल तरी आधी चाचणी, मग ठराव. गावतळं खोल होईल, पण त्या मातीने रस्त्याचा वरचा भाग भरू देऊ नका. ती खालच्या भरावालाही चाचणीत पास झाली तरच.

रुंदीकरणात एक बारीक गोष्ट असते. जुना रस्ता कित्येक वर्षांत दबून स्थिर झालेला असतो, शेजारी टाकलेला नवा भाग अजून बसायचा असतो. जोडावर हमखास भेग जाते. जुन्या भरावाच्या उताराला पायऱ्या पाडून त्यात नवा भराव गुंतवला तर ती बरीच टळते. काम चालू असताना हे डोळ्यांनी दिसतं. पायऱ्या न पाडता नुसती माती ओतत असतील तर तिथेच थांबवा, डांबर पडल्यावर बोलून उपयोग नाही. आणि शक्य असेल तिथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढवण्यापेक्षा एकाच बाजूला पूर्ण वाढवा, म्हणजे रोलर नीट फिरायला जागा मिळते आणि जोड एकच राहतो.

साइडपट्टी पक्की आणि रुंद मागा. काळ्या मातीवर तिचं काम गाडी बाजूला घेण्यापुरतं नसतं. ती जितकी रुंद आणि पाणी न पिणारी, तितकी ओलीच्या चढउताराची जागा डांबराच्या कडेपासून लांब सरकते. झाडंही म्हणूनच भरावाच्या पायथ्यापासून थोडी दूर, रस्त्याच्या हद्दीच्या कडेला लावा. कडुनिंब आणि बाभूळ या मातीत जगतात, त्यांची सावलीही हवी. पण अगदी कडेला लावलेलं मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी ओल ओढतं आणि त्याच्यासमोरच रस्ता चिरतो.

गावातल्या भागाचं काय? तिथे काँक्रीट मागा, दोन्ही बाजूंना झाकलेल्या नाल्यांसह. गावात डांबर टिकत नाही ते घरांतल्या न्हाण्यांच्या आणि नळांच्या सांडपाण्यामुळे, वाहनांमुळे फारसं नाही. मोठ्या गावांना बाहेरून वळणरस्ता देणं योग्य आहे, लहान गावांना तो दिला तर एसटी बाहेरूनच जाते आणि म्हातारी माणसं अर्धा किलोमीटर चालतात. तुमच्या गावाने हा निर्णय स्वतः घ्यावा, मात्र वळणरस्ता घ्यायचा ठरला तर तो पांढरीच्या कुठल्या अंगाने जातो ते बघा. चढाच्या बाजूने गेला तर तो गावाकडे येणारं पाणी वर अडवेल आणि वरच्या वावरांत तुंबवेल. उताराच्या बाजूने गेला तर गावाचं पाणी बाहेर जाऊ देणार नाही. दोन्हीकडे मोऱ्या लागतात, पण दुसऱ्या प्रकारात त्या कमी पडल्या तर पाणी घरांत शिरतं.

वळण मोकळं केल्यावर उरलेला जुन्या रस्त्याचा तुकडा मोडू देऊ नका. एसटीचा थांबा, कापसाच्या गाड्या उभ्या करायची जागा, मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर वळवायची जागा म्हणून तो गावाच्या उपयोगी पडतो, आणि त्याची जुनी मोरीही चालू ठेवायला सांगा. नव्या रस्त्याला मोरी घालून जुन्या तुकड्याची बुजवली तर मधल्या त्रिकोणात पाणी अडकतं.

आराखडा अजून कच्चा असेल तर उपअभियंत्यांना ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रस्त्यावरून पायी चालायला बोलवा. सोबत नकाशा घ्या आणि जिथे जिथे पाणी रस्त्याला टेकलेलं दिसेल तिथे त्यावर खूण करून तारीख टाका.